महापौराच्या हातात पोलीस, लायसन्स आणि फायर ब्रिगेड नक्की किती असतं?

अर्धवट_ज्ञानी

मंडळी, प्रश्न बाळबोध वाटेल पण विचारून टाकतो. बातम्यांमध्ये सारखं येतं की अमुक शहराच्या महापौरांनी पोलीस प्रमुखाला घरी बसवलं, तमुक महापौरांनी रातोरात क्लब बंद केले वगैरे. आपल्याकडचं थोडंफार माहितीये, पोलीस राज्याकडे आणि बंब महापालिकेचा, त्यामुळे ते सांगत बसू नका प्लीज. मला बाहेरच्या शहरांबद्दल विचारायचंय, जिथे हे सगळं शहराच्या सरकारकडेच असतं असं म्हणतात. तिथे हे चालतं कसं? महापौर सकाळी उठून चीफला फोन लावतो का, की याला धर, त्याला सोड, इथे नाकाबंदी लाव? आणि कौन्सिल म्हणून जी नगरसेवकांची सभा असते ती नुसती भाषणं ठोकते का तिच्या हातात खरंच काही असतं?

दुसरं म्हणजे काही ठिकाणी पोलीस, फायर आणि लायसन्स हे तिन्ही एकाच कमिटीच्या गळ्यात बांधलेलं दिसतं. पोलीस आणि फायर समजू शकतो, दोघांच्याही गाडीला सायरन असतो. पण लायसन्स?? बारचा परवाना आणि आगीचा बंब यांचं नातं काय? जाणकारांनी सांगावं.

---

फाईलवाला

"याला धर" असं महापौराने म्हणायचं नसतं. इंग्लंडात यावर फार काटेकोर असतात, कोणाला अटक करायची, कुठला तपास कसा करायचा हे पोलीस प्रमुखाचं काम, आणि पैसा किती द्यायचा, कशावर भर द्यायचा हे निवडून आलेल्यांचं. कागदावर ही रेघ अगदी सरळ आहे. प्रत्यक्षात ती रोज थोडी इकडे तिकडे सरकते.

माझ्या मते या सगळ्यात खरी चावी एकच, प्रमुखाला नेमतं कोण आणि काढू शकतं कोण. बाकी सगळं तिच्या मागून येतं. लॉस एंजेलिसचं बघा. मार्च १९९१ मध्ये रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला पोलीस बडवतायत तो व्हिडिओ जगभर गेला, महापौर टॉम ब्रॅडली (हे स्वतः त्याच पोलीस खात्यात नोकरी केलेले) म्हणाले चीफ डॅरिल गेट्सनी आता जावं. गेट्स म्हणाले नाही जात. आणि नाही गेले! कारण चीफच्या खुर्चीला सिव्हिल सर्व्हिसचं संरक्षण होतं. पोलीस कमिशन म्हणजे महापौरांनी नेमलेली पाच साध्या नागरिकांची बॉडी, तिने त्यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं तर कौन्सिलने मध्ये पडून परत आणून बसवलं. म्हणजे महापौर एकीकडे, कौन्सिल दुसरीकडे आणि चीफ मधे निवांत. शेवटी जून १९९२ मध्ये लोकांनी मतदान करून शहराची सनद बदलली, चीफला पाच वर्षांची टर्म आणि जास्तीत जास्त दोन टर्म. पण ते झालं त्याच्या आधी एप्रिल-मेमध्ये दंगल होऊन शहर जळून गेलेलं.

लंडनमध्ये उलटा प्रकार. तिथल्या मेट्रोपॉलिटन पोलिसांच्या कमिशनरला महापौर नेमत नाही, गृहमंत्र्यांच्या शिफारसीवरून राजाच्या नावाने नेमणूक होते, महापौराचं मत फक्त विचारात घेतात. तरी २००८ ला बोरिस जॉन्सन यांनी विश्वास नाही म्हटल्यावर इयन ब्लेअर गेले आणि २०२२ ला सादिक खान यांनी तेच केल्यावर क्रेसिडा डिक यांनी राजीनामा दिला. एकट्याने काढायचा अधिकार नव्हता दोघांनाही, पण महापौर पाठीशी नाही म्हटल्यावर त्या खुर्चीत बसून करणार काय माणूस.

कौन्सिलच्या हातात बजेट. ते ऐकायला जबरदस्त वाटतं पण पोलीस खात्याचा बहुतेक पैसा पगारात जातो, तिथे कापायला जागाच नसते, आणि ओव्हरटाइमचा आकडा वर्षअखेरीस फुगून येतो तेव्हा तो दिलेलाच असतो. नगरसेवक ओरडतात, खातं मान डोलावतं, पुढच्या वर्षी परत तेच.

---

जुनी_पानं

फाईलवाला यांनी छान लिहिलंय पण एक गैरसमज व्हायला नको की शहराच्या हातात दिलं की झालं. हा हात कोणाचा यावरून लोक अक्षरशः एकमेकांची डोकी फोडून बसलेत. न्यूयॉर्क, १८५७. राज्य सरकारने ठरवलं की महापौर फर्नांडो वुड पोलिसांचा राजकारणासाठी वापर करतोय, म्हणून शहराचे पोलीस बरखास्त, आता राज्याचे मेट्रोपॉलिटन पोलीस. वुड म्हणाला माझे पोलीस मी बरखास्त करत नाही जा. काही आठवडे शहरात दोन दोन पोलीस दलं, आणि जूनमध्ये मेट्रोपॉलिटनवाले वुडला अटक करायला सिटी हॉलवर गेले तर त्याच्या पोलिसांनी दंडुके काढून त्यांना पायऱ्यांवरच चोपलं. पोलीस विरुद्ध पोलीस. मिलिशियाची रेजिमेंट आली तेव्हा कुठे शांत झालं. कोर्टाने राज्याच्या बाजूने निकाल दिला, वुडने नाईलाजाने आपलं दल मोडलं. मग १८७० ला परत शहराकडे, ते कोणी आणलं तर ट्वीड टोळीने, ज्यांचं नाव आजही भ्रष्टाचाराच्या उदाहरणात पहिलं येतं :)

बॉस्टनला १८८५ पासून राज्याने पोलीस काढून घेतले. शहरात आयरिश महापौर निवडून आला आणि राज्यातल्या जुन्या वर्गाला ते झेपलं नाही, असं सरळ आहे ते. मग १९१९ ला पोलिसांनी युनियन केली, राज्यपालांनी नेमलेल्या कमिशनर कर्टिसने पुढाऱ्यांना सस्पेंड केलं आणि ९ सप्टेंबरला हजाराच्या वर पोलीस संपावर गेले. शहर लुटलं जातंय आणि महापौर पीटर्स यांना स्वतःच्याच शहराच्या पोलिसांवर हुकूम चालवता येत नाही. समेट घडवायला बघत होते, कमिशनरने धुडकावलं. राज्यपाल कूलिज यांनी संपकऱ्यांना चिरडलं आणि त्या नावावर ते पुढे थेट उपाध्यक्ष, मग अध्यक्ष. बॉस्टनच्या महापौराला कमिशनर नेमायचा अधिकार परत मिळाला १९६२ मध्ये.

आणि हा इतिहास झाला असं समजू नका. कॅन्सस सिटीत आजही पोलीस बोर्डावर पाच जण, चार राज्यपालांनी नेमलेले आणि पाचवा महापौर. पैसा शहराचा, बहुमत राज्याचं! त्याच मिसूरी राज्यातल्या सेंट लुईसला १८६१ मध्ये यादवी युद्धाच्या तोंडावर राज्याने पोलीस काढून घेतले ते परत मिळाले २०१३ ला, आणि २०२५ मध्ये राज्याने कायदा करून परत काढून घेतले. बारा वर्षं.

जपानमध्ये अमेरिकन ताब्याच्या काळात १९४७ च्या कायद्याने गावोगावच्या नगरपालिकांना आपापले पोलीस दिले होते, ५००० लोकवस्तीच्या गावाला सुद्धा. परवडेचना. १९५४ ला सगळे उचलून प्रीफेक्चरकडे (म्हणजे तिथल्या प्रांतांकडे). फायर मात्र नगरपालिकांकडेच राहिलं, गंमत म्हणजे युद्धाआधी ते पोलिसांच्याच हाताखाली होतं. पॅरिसचे बंबवाले तर लष्कराचे सैनिक आहेत आणि कमांड पोलीस प्रीफेक्टची, तो सरकारचा माणूस, महापौराचा नाही. १८१० मध्ये ऑस्ट्रियाच्या राजदूताच्या नाचाच्या समारंभात आग लागली तेव्हा नेपोलियन स्वतः तिथे होता, बंबवाल्यांची फजिती त्याने डोळ्याने बघितली आणि दुसऱ्या वर्षी लष्करी बटालियन काढली. दोनशे वर्षांवर झाली, तेच चालू.

---

परवाना_खिडकी

लायसन्सच्या प्रश्नाला कोणी हात लावला नाही म्हणून लिहिते. आयुष्यभर हेच केलंय (कुठे ते विचारू नका).

पोलीस माणसाला धरू शकतात. जागेला धरू शकत नाहीत. एखाद्या बारमध्ये दर शनिवारी मारामारी होते, पोलीस दर शनिवारी चार जणांना उचलतात, सोमवारी ते जामिनावर बाहेर, शनिवारी दुसरे चार. त्या जागेचं शटर खाली ओढायचं तर लायसन्स काढून घ्यायची ताकद लागते. फायरवाल्यांचंही तेच, आग लागल्यावर विझवायला त्यांना कोणाची परवानगी लागत नाही, पण आग लागायच्या आधी आत शिरून "ही खुर्ची हलवा" म्हणायचं तर त्यामागे परवाना जाण्याची भीती लागते, नाहीतर मालक चहा पाजून वाटेला लावतो. म्हणून तिन्ही एका कमिटीत. तुम्ही बंबाचं नातं विचारलंत ते हे.

इंग्लंड-वेल्समध्ये २००३ चा लायसन्सिंग कायदा नोव्हेंबर २००५ पासून लागू झाला, त्याआधी दारूचे परवाने मॅजिस्ट्रेट द्यायचे, आता कौन्सिल देते. लायसन्सिंग कमिटीत दहा ते पंधरा नगरसेवक, आणि प्रत्यक्ष सुनावणी तिघांच्या सब-कमिटीपुढे. तिघंच. एका बाजूला अर्जदार आणि त्याचा वकील, दुसऱ्या बाजूला पोलीस, फायर, आवाजाचं खातं, शेजारीपाजारी, आणि वाद फक्त चार मुद्द्यांवर घालता येतो: गुन्हे आणि गोंधळ, लोकांची सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव, मुलांचं संरक्षण. "आमच्या गल्लीत बार नको" हे पाचवं कारण चालत नाही, आजोबा कितीही चिडले तरी. सरसकट नकार पण कमी येतात, बहुतेक वेळा अटी घालतात. दाराशी किती माणसं, कॅमेऱ्याचं फुटेज किती दिवस ठेवायचं, अमुक वाजल्यानंतर नवीन माणूस आत नाही, काचेच्या ग्लासऐवजी प्लास्टिक. नगरसेवकांचं पोलीसकामावरचं खरं वजन मला तरी त्या मोठ्या सभेतल्या भाषणांपेक्षा या अटींमध्ये दिसतं. कोणाला पटलं नाही तर २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील.

आता उलटी बाजू. लायसन्स थेट पोलिसांच्याच हातात दिलं की काय होतं ते न्यूयॉर्कने करून बघितलंय. १९४० पासून १९६७ पर्यंत तिथे दारू मिळते अशा क्लबमध्ये गाणं-वाजवणं करायचं तर पोलिसांकडून कॅबरे कार्ड काढायला लागायचं, बोटांचे ठसे देऊन. जॅझ गायिका बिली हॉलिडे हिचं कार्ड ड्रग्जच्या केसनंतर गेलं ते परत मिळालंच नाही, कार्नेगी हॉलमध्ये गाऊ शकायची पण नाइटक्लबमध्ये नाही. जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक याचं १९५१ मध्ये काढून घेतलं, ऐन उमेदीची वर्षं गेली. पियानो वाजवायला पोलिसांचा शिक्का, विचार करा. म्हणून परवाना देणारा टेबल आणि पोलिसाचा टेबल वेगळे हवेत, पण एकमेकांना दिसतील इतके जवळ हवेत.

---

फाईलवाला

+१. आणि तक्रारींचं राहिलं माझ्याकडून. न्यूयॉर्कमध्ये पोलिसांविरुद्धच्या तक्रारी बघायला सिव्हिलियन कम्प्लेंट रिव्ह्यू बोर्ड आहे, पंधरा जण, १९९३ पासून सगळे बिगरपोलीस, बहुतेक जण महापौर, कौन्सिल आणि पोलीस कमिशनर यांच्या कोट्यातून आलेले. चौकशी करतात, शिफारस करतात. शिक्षा द्यायची की नाही हा शेवटचा शब्द पोलीस कमिशनरचा. त्यामुळे लोक म्हणतात दात नसलेला वाघ. मला इतकं निकाली काढावंसं वाटत नाही, निदान कागद तयार होतो.

---

शिडी_नंबर_दोन

फायरबद्दल कोणी बोलत नाही कारण फायरवर कोणाचा राग नसतो, हाच प्रॉब्लेम आहे. पोलिसांवर देखरेख ठेवायला बोर्डं, कमिशनं, मोर्चे. फायरवर देखरेख म्हणजे बजेटच्या वेळी स्टेशन बंद होणार म्हटलं की आरडाओरडा. लंडनमध्ये बोरिस जॉन्सन यांच्या वेळी झालं, फायर अथॉरिटीच्या सभासदांनी स्टेशनं बंद करायला नकार दिला, महापौरांनी आपला निर्देश द्यायचा अधिकार वापरून करायला लावलं, जानेवारी २०१४ मध्ये एका दिवशी दहा स्टेशनं बंद. बाहेर लोक रडत होते. तेवढं दिसतं. पण इन्स्पेक्शनची माणसं कमी केली तर एक माणूस रस्त्यावर येत नाही, कारण जे इन्स्पेक्शन झालंच नाही ते दिसणार कोणाला?

मी हॉल मॅनेज करायचो काही वर्षं, लग्नं, कॉन्फरन्स, ऑर्केस्ट्रा सगळं. परवाना भिंतीवर फ्रेममध्ये. इन्स्पेक्शनच्या तारखेची कुणकुण आधी लागायची. त्या दिवशी मागच्या दाराचं कुलूप काढायचं, जिन्यातल्या जास्तीच्या खुर्च्या टेम्पोत भरायच्या, फायर डोअरखाली ठोकलेली लाकडी पाचर काढून खिशात. साहेब येऊन जायचे, सही. संध्याकाळी पाचर परत दाराखाली कारण वेटरला ट्रे घेऊन दार ढकलायला जमत नाही, आणि कुलूप परत कारण फुकटे मागून घुसतात. मी स्वतः लावलंय ते कुलूप. आज लिहिताना लाज वाटते पण तेव्हा काही वाटत नव्हतं, मालकालाही नाही आणि मलाही नाही. त्यामुळे शहराची देखरेख कशी म्हणून विचारलंत तर मी आधी विचारेन इन्स्पेक्टर न सांगता आणि गर्दीच्या वेळी, शनिवारी रात्री दहाला येऊ शकतो का? सोमवारी सकाळी अकराला रिकामा हॉल सगळीकडेच सेफ असतो.

---

अर्धवट_ज्ञानी

बाप रे, विचारलं काय आणि मिळालं काय. धन्यवाद सगळ्यांना. मग समजा तिन्ही खाती एकाच महापौराखाली आणली तर हा गोंधळ मिटेल ना? आणि काही झालंच तर जबाबदार कोण हेही क्लिअर राहील.

---

शिडी_नंबर_दोन

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या ऑकलंडमध्ये होती की एकाखाली. पोलीस शहराचे, फायर शहराचं, बिल्डिंग परमिट शहराचं. २ डिसेंबर २०१६ ला घोस्ट शिप नावाच्या जुन्या गोदामात पार्टी चालू असताना आग लागली, ३६ मेले. कागदावर गोदाम, आत लोक राहत होते, गाण्याचे कार्यक्रम व्हायचे, कसलंच परमिट नाही. पोलीस त्या पत्त्यावर येऊन गेलेले. फायर इन्स्पेक्शनची मात्र नोंदच नाही. एका खात्याने पाहिलेलं दुसऱ्याच्या कागदावर चढलंच नाही, बॉस एक असून. शहराने २०२० मध्ये ३ कोटी २७ लाख डॉलरवर तडजोड केली.

---

जुनी_पानं

जबाबदार कोण हे क्लिअर राहील म्हणता, त्यावर अर्जेंटिनाच्या राजधानीचं, ब्युनोस आयर्सचं सांगतो. ३० डिसेंबर २००४, रिपब्लिका क्रोमान्यॉन नावाचा क्लब. परवानगी १०३१ लोकांची आणि आत त्याच्या तिप्पट तरी. कोणीतरी आतिषबाजीचं नळकांडं पेटवलं, छताला शेडनेटसारखं कापड लावलेलं ते पेटलं आणि विषारी धुराने माणसं गेली, १९४. इमर्जन्सीचं दार होतं. त्याला साखळी आणि कुलूप (शिडी_नंबर_दोन, तुम्ही लिहिलेलं वाचून मला हेच आठवलं).

आता खाती बघा. इन्स्पेक्शन आणि परवाना शहराचा. पण बंबवाले तेव्हा फेडरल पोलिसांचाच एक विभाग, आणि फेडरल पोलीस देशाच्या सरकारचे. शहराला स्वतःचे पोलीसच नव्हते, १९९६ पर्यंत तर त्या शहराला निवडून दिलेला प्रमुखही नव्हता, राष्ट्राध्यक्ष नेमायचे. क्लबचं आगीचं प्रमाणपत्र द्यायचे ते फेडरल बंबवाले, आणि ते नोव्हेंबरमध्येच संपलेलं. म्हणजे शहर म्हणणार प्रमाणपत्र त्यांचं, ते म्हणणार जागा बंद करायचा अधिकार शहराचा. आणि पोलीस चौकीवरच्या अधिकाऱ्याला गर्दीकडे कानाडोळा करायला पैसे मिळत होते, ते नंतर कोर्टात सिद्ध झालं, शिक्षा झाली. शहराच्या इन्स्पेक्शन खात्यातल्या अधिकाऱ्यांनाही झाली.

राजकीय किंमत मात्र एकाच माणसाने मोजली. शहराचे प्रमुख अनिबाल इबारा यांच्यावर महाभियोग चालला आणि ७ मार्च २००६ ला १० विरुद्ध ४ मतांनी त्यांना पदावरून काढलं. देशाच्या सरकारातलं त्या तोडीचं कोणी नाही.

---

अर्धवट_ज्ञानी

थांबा, म्हणजे पोलीसही त्यांचे नाहीत, बंबही त्यांचा नाही, आणि गेले ते?

---

परवाना_खिडकी

परवाना त्यांचा होता ना. इन्स्पेक्शन करणारी माणसंही त्यांचीच होती आणि ती मोजकी होती हे त्यांना माहीत होतं. मला तरी तो निकाल चुकीचा वाटत नाही, अपुरा वाटतो.

---

जुनी_पानं

अपुरा, मान्य. आणि शहराला पूर्ण ताकदीचं स्वतःचं पोलीस दल मिळालं ते १ जानेवारी २०१७ पासून, फेडरल पोलिसांची त्या शहरातली माणसं शहराकडे वर्ग करून. बंबवालेही तेव्हाच आले शहराकडे. क्रोमान्यॉनला तोवर बारा वर्षं होऊन गेलेली.